गाळलेला प्रश्न

तासगावातल्या एका शाळेच्या गच्चीवर उपग्रहाची मोठी तबकडी बसली, तेव्हा तिथल्या मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राचे प्रमुख खराडे सरांनी पेढे वाटले होते. १९९७ सालची गोष्ट. घरी पुस्तकं मागवून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आता महिन्यातल्या एका रविवारी तज्ज्ञ टीव्हीवर थेट दिसणार होते, आणि टेबलावरच्या फोनवरून त्यांना प्रश्नही विचारता येणार होते. केवढी सोय! पण आपल्याकडे सोय आली की तिच्या दारात कुणीतरी साहेब उभा राहतोच.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि तो ‘नीट’ करून सर स्वतः फोनवर विचारणार, असा सरांनी नियमच केला.

पारूबाई कवठे महांकाळकडच्या एका वाडीत अंगणवाडीची मदतनीस होत्या. सातवी शिकलेल्या. आरोग्यसेविकेचा अभ्यासक्रम करत होत्या. अशाच एका रविवारी त्या सरांच्या टेबलाशी आल्या.

“सर, मला सवता बोलू द्या की. माझी गौतमी पहिल्या बाळंतपणाला आलीया. तोंडावर सूज हाय, डोकं लय दुखतंय, डोळ्यापुढं अंधारी येतीया. म्हातारी मान्सं म्हंत्यात, पहिलटकरणीला आसंच हुतंय. दवाखान्यात न्हेऊ का नगं, तेवढंच इचारते.”

“अहो बाई, अख्खा महाराष्ट्र ऐकतो! तुमचं हाय-न्हाई ऐकून लोक केंद्राला हसतील. चिठ्ठी द्या.”

पारूबाईंनी चिठ्ठी दिली. सरांनी ती वाचली आणि घरातलं दुखणं इथं कशाला, असं म्हणून बाजूला सारली. मग फोनवर खणखणीत आवाजात विचारलं, “गरोदर मातेचा आहार कसा असावा?” टीव्हीतल्या डॉक्टरबाईंनी पालेभाज्या आणि गूळ-शेंगदाणे सांगितले. सगळ्यांनी ते लिहून घेतलं.

पारूबाईंनीही लिहून घेतलं. एवढ्या शिकलेल्या सरांनी आपला प्रश्न गाळला, म्हणजे त्यात भिण्यासारखं काही नसणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. चौथ्या दिवशी गौतमीला झटके आले. जीप सांगलीला पोचायच्या आतच ती गेली, पोटातल्या बाळासकट.

पुढच्या महिन्यात पारूबाई पुन्हा आल्या. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा चिठ्ठीवर लिहून सरांपुढं ठेवला.

“परत हेच?” सर वैतागले. “मुलीचं बाळंतपण झालं नाही अजून?”

केंद्रातला शिपाई मौला पुढं आला.

“सर, त्यांची पोरगी गेली. मागल्या महिन्यातल्या त्या रविवारनंतर चौथ्या दिवशी.”

सरांच्या हातातलं पेन खाली पडलं.

“मग... आता कशाला विचारता, पारूबाई?”

“दुसऱ्या कुणाच्या लेकीसाठी, सर.”

मौला हलक्या आवाजात म्हणाला, “सर, पुस्तकाला इचारता येत न्हाई म्हणून तर हा फोन बसीवला न्हवं? बोली गावंढळ आसंल, पर दुखणं खरं हुतं की वो! ते तुमच्या तोंडानं कसं सांगता येईल?”

सरांनी फोन लावला आणि रिसीव्हर पारूबाईंपुढं धरला.

पारूबाईंनी विचारलं. त्यांच्याच बोलीत, एक शब्दही न बदलता. कुणी हसलं नाही.

टीव्हीतल्या डॉक्टरबाई एकदम पुढं सरकल्या. “ताई, थांबू नका! हे जिवावरचं लक्षण आहे, आत्ताच्या आत्ता न्या. कुठं आहे ती?”

“ती न्हाई आता, बाई. माझी लेक हुती.”

वर्गात बायका पदरानं डोळे पुसत होत्या, आणि मग एकेकीनं वही उघडून ती लक्षणं लिहून घेतली.

सरांनी टेबलावरच्या साऱ्या चिठ्ठ्या गोळा करून खिशात कोंबल्या. “आजपासून ज्याचा प्रश्न त्यानंच विचारायचा,” एवढंच म्हणाले आणि फोनजवळची खुर्ची सोडून शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

बंधू-भगिनींनो, दूरच्या माणसाला जवळ आणणारी यंत्रं आपण आणतो, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या बोलीपायी गप्प करतो. शिकवणाऱ्यानं आधी ऐकायला शिकावं. गौतमीच्या आईला बोलायला दोन मिनिटं पुरली असती.