अकरा मिनिटांचा फोन

या मित्रांनो, अगदी जवळ सरकून बसा. माझा आवाज आता खरखरतो. पण एक गोष्ट पोटात आहे, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी एक जुना हेडफोन आहे.

कारखान्यात मला दोन मऊ स्पंज आणि तोंडापुढे एक छोटा माइक मिळाला. तिथून आलो तो अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात, टायरच्या दुकानावरच्या लांबट खोलीत. तिथे उन्हाळाभर कॉलेजची मुलं अंध मुलांच्या शाळेसाठी फोनवरून देणगी मागत. मी किती कानांवर बसलो! "जेवतोय, ठेव फोन!" हे तर रोजचंच. क्वचित कुणी म्हणे, "देव तुझं भलं करो, बाळ." त्या एका वाक्यावर माझा आठवडा जाई.

एका उन्हाळ्यात केझाया आली. एकोणीस वर्षांची. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची फी तिला इथूनच उभी करायची होती. तिचे आजोबा पाद्री होते, गाऊन प्रवचन सांगणारे. तो सूर हिच्याही गळ्यात उतरला होता. फोनवर काय बोलायचं त्याचा समोरचा छापील कागद वाचता वाचता हिचा आवाज चढे, लांबे आणि वाक्य संपलं की थांबे. जणू चर्चच्या बाकांवरून "आमेन" यायची वाट बघतेय. मी निर्जीव वस्तू, पण तो सूर ऐकला की माझ्या तारेत कापरं भरे.

मुलं हसत. "पाद्रीणबाई, दानाची थाळी फिरवू का?"

लव्हर्नबाई सगळ्यांवर देखरेख करत, मधूनच कुणाचाही फोन ऐकत. एक नकार आला की रक्कम कमी करून पुन्हा मागायची, असं तीनदा. आणि चार मिनिटांत फोन संपवायचा, हा त्यांचा नियम. केझायाला तिसऱ्यांदा मागवतच नसे. शेवटी बाई म्हणाल्या, "पोरी, हे चर्च नाही. आज एक तरी देणगी आण, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

संध्याकाळ झाली. एकही देणगी नाही. शेवटचा नंबर लागला.

"ओला हबर्डबाई आहेत का?"

"मार्चमध्ये गेली ती," एक म्हातारा आवाज म्हणाला. "मी एझेल, तिचा नवरा."

कागदावर लिहिलं होतं, दुःख व्यक्त करा आणि पुढे मागा. लव्हर्नबाई ऐकत होत्या. केझायाचा श्वास माझ्या माइकवर आदळत होता. तिने कागद पालथा घातला.

"काका, जेवलात का?"

"सूप आहे कालचं." वाटीत चमचा वाजला. "चर्चला जात नाही आता. ती स्तोत्राची एकेक ओळ आधी सांगायची, आम्ही सगळे तीच मागून लांब सुरात ओढायचो. आता सुरुवात कोण करणार?"

"मी सांगते. तुम्ही ओढा."

"फोनवर? येडी की काय तू?"

"पाद्री आजोबांची नात आहे, काका."

तिने एका जुन्या स्तोत्राची ओळ सांगितली. तिकडून फाटका, बेसूर, पण भरभरून आवाज आला. मग दुसरी ओळ. माझे दोन्ही स्पंज भिजले. तिचे डोळे वाहत होते. मित्रांनो, देव कुठे भेटतो असं कुणी विचारलं तर मी त्या तारेकडे बोट दाखवीन.

अकरा मिनिटं झाली. तिने काहीच मागितलं नाही.

फोन ठेवून ती मला काढायला लागली, तेवढ्यात लव्हर्नबाई आल्या. त्यांचं नाक लाल झालं होतं.

"उद्या नऊला ये. आणि कागद पालथा घालायचाच असेल, तर मला दिसणार नाही असा घाल."

पुढे बिनतारी हेडफोन आले. मी खोक्यात पडलो, स्पंजाचा भुगा झाला. तक्रार नाही. एवढंच मागणं आहे: कुणाचा असा फोन आला आणि द्यायला काही नसलं, तर 'नाही' म्हणा, पण गोड आवाजात म्हणा. पलीकडे कुणाचं तरी पोर बसलेलं असतं.

आणि आज प्रार्थनेला हात जोडाल, तेव्हा ओला हबर्डबाईंचं नाव एकदा घ्या. त्यांचा आवाज मला कधी ऐकायला मिळाला नाही.