फेर्नांच्या नावाची पाटी

“दोर कशाला बांधलाय? पळून जातोय की काय तो?” आमचे हे संग्रहालयातल्या त्या ट्रॅक्टरभोवतीच्या दोरापाशी उभे राहून पुटपुटले.

“हळू बोला,” मी म्हटलं. “लोक बघतायत.”

लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, पण ह्यांचा जिभेवर ताबा म्हणून नाही.

आमच्या गावच्या किल्ल्याचे मालक वाटेल ते जमवतात. मागच्या हिरवळीवर लढाऊ विमानं, माडीवर मोटारसायकली आणि या शेडमध्ये द्राक्षमळ्यातले उंच ट्रॅक्टर, वेलींची ओळ पोटाखालून जाऊ देणारे. तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या फेर्नांचा ट्रॅक्टर इथे आला, पितळी पाटीसकट. ‘गावातला पहिला. बनवणारा: फेर्नां.’ तेव्हापासून हे किल्ल्याची पायरी चढले नव्हते. आज सुनेने तिकिटंच काढून हातात ठेवली.

पहिला ट्रॅक्टर ह्यांनी बनवला होता, आमच्या गोठ्यात. फेर्नां रोज संध्याकाळी वाइनचा पेला घेऊन बघत बसायचा. वर्षभरात त्याने तसाच दुसरा उभा केला. पुढे आमचा भंगारात गेला, त्याचा राहिला. हे जळतात, आणि खरं सांगायचं तर मीही जळते. पाटीशेजारी त्याच्या बायकोचा फोटो पाहिला आणि माझी जेवणाची इच्छाच गेली.

दर रविवारी फेर्नां स्वतः पाहुण्यांना माहिती देतो. आजही पंधरा-वीस जण त्याच्याभोवती होते.

“क्लचवर हा लाकडाचा ठोकळा कशाला हो?” एका बाईने विचारलं.

ह्यांचा डावा पाय लहानपणच्या आजाराने आखूड. तो पोचावा म्हणून ह्यांनी आपल्या ट्रॅक्टरला ठोकळा बसवला होता. काहीतरी युक्ती असेल असं समजून फेर्नांने तोही उचलला. त्याचे दोन्ही पाय धड. गुडघा स्टिअरिंगला आपटत आयुष्यभर चालवला, पण ठोकळा काढला नाही.

फेर्नांने मान वर केली आणि त्याला आम्ही दिसलो. त्याने ह्यांच्याकडे बोट केलं.

“ते आनातोलला विचारा,” तो म्हणाला. “ठोकळा त्याच्या पायाच्या मापाचा आहे. ट्रॅक्टरही त्याच्याच डोक्यातला. मी बघून केला.”

सगळे ह्यांच्याकडे वळले. ह्यांनी टोपी काढली, घसा साफ केला. “त्याचं असं झालं...”

तेवढ्यात बाहेर कुणीतरी सांगितलं की विमानात बसू देतायत. माणसं भराभरा निघाली, ती बाईसुद्धा. शेडमध्ये आम्ही तिघंच उरलो.

“सांग ना,” फेर्नां म्हणाला.

“तुला काय सांगू? तू तर बघतच होतास.”

बाहेर आल्यावर मी विचारलं, “झालं ना समाधान? चारचौघांत कबूल केलं त्याने.”

“केलं,” हे म्हणाले. “त्याच्या जागी मी असतो तर मला नसतं जमलं. हेही त्यालाच जमलं.”

आणि विमानांकडे ढुंकूनही न बघता फाटकाकडे चालू लागले.