सोडचिठ्ठीला गेलेली सासू

अंगणातून हसण्याचा आवाज आला आणि सिंधूताईंनी चहाचा कप खाली ठेवून बाहेर पाहिलं. हसत होती मंजुश्री, त्यांची सून! लग्नाला दोन वर्षं झाली, पण सासरी सुलतानपुरात या पोरीचे दात कोणी पाहिले नव्हते. तोंड कायम फुगलेलं, डोकं कायम धरलेलं, वर भांड्यांची आदळआपट. घरात रोज खडाजंगी. शेवटी तिला माहेरी धाडलं आणि आता सोडचिठ्ठीचं बोलायला सिंधूताई स्वतः संग्रामपूरला आल्या होत्या.

येऊन पाहतात तर काय, मध्यस्थ भागवतराव मयतीला परगावी गेलेले. बैठक चार दिवस पुढे गेली. जी मुलगी सोडायची तिच्याच बापाच्या, भाऊरावांच्या, घरी पाहुणचार झोडायची पाळी आली. आणि इथे ही बया खिदळतेय! म्हणजे आपणच तिला नकोसे होतो. सिंधूताईंचं डोकं तडकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंजुश्री दारात येऊन थबकली.

"आत्या, तुम्ही गाणं म्हणून राह्यल्या!"

सिंधूताई चपापल्या. खरंच, मेथी निवडता निवडता त्या गुणगुणत होत्या. पूर्वी बुद्धविहारात वंदना त्याच सांगायच्या. मग दम पुरेना, तेव्हा वय झालं म्हणून सोडून दिलं. वय तर आजही तेच होतं. पण दोन रात्री सलग झोप लागली होती, आणि कालपासून कोणावर ओरडावंसंही वाटलं नव्हतं.

"मंजू, तुले इकडं किती दिवसांनी बरं वाटलं?"

"चार-पाच रोजांनी. तिकडं क्रशरच्या धुळीनं डोकं फुटे. रातभर जाग. मंग कोणाशी बोलावंच नाही वाटे. सांगतलं होतं ना मी तुम्हाले."

सांगितलं होतं! आणि आपण म्हणालो होतो, आम्ही नाही का राहत? सिंधूताईंनी मेथी बाजूला सारली. घरामागचा तो खडीचा क्रशर, सात वर्षं भाकरीवर आणि पाण्यावर बसणारी पांढरी पूड. खोकल्याचं औषध त्यांनी घेतलं होतं, पण धुळीनं माणसाचं हसू जातं हे कोणी सांगितलं नव्हतं. गल्लीभर टिंगल करत फिरणारा त्यांचा लेक धम्मदीप आता भरल्या ताटावरून उठून जायचा. त्याचंही खापर त्यांनी सुनेच्याच डोक्यावर फोडलं होतं. लेकाचा संसार आपण आपल्या हातानं मोडायला निघालो होतो! त्यांना स्वतःची लाज वाटली.

बैठक भरली. भागवतरावांनी विचारलं, "बोला ताई, सून न्यायची का सोडायची?"

"मी येते, आत्या," मंजुश्री घाईनं म्हणाली. "मले संसार पाहिजे."

"नाही!" सिंधूताई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की सगळेच दचकले. "सोडायची नाही अन् त्या धुळीत न्यायचीबी नाही. धम्मदीपलेच इकडं धाडते. पाहील काही कामधंदा."

भाऊरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "अन् तुम्ही, विहीणबाई?"

आपल्याला राहायचं कुठे, हे सिंधूताईंच्या मनातच आलं नव्हतं.

"मी जाईन ना उद्या," त्या म्हणाल्या. "घर कोण पाहील?"

आणि भर बैठकीत त्या हमसून हमसून रडू लागल्या. तिथे परत जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.