एकशे दहाचं बीपी

प्रेमिलाचं बीपी एकशे दहा भरलं तेव्हा माझे असिस्टंट डॉ. विश्वनाथ खूश झाले आणि माझं डोकं फिरलं. बावीस वर्षांची बाळंतीण. पहाटे कुहीजवळच्या खेड्यात घरीच मोकळी झाली, वार आत अडकली, बेसुमार रक्त गेलं आणि जीप रामदासपेठेतल्या माझ्या नर्सिंग होमला पोचेपर्यंत दहा वाजले. अशा बाईचं बीपी माझ्यासारखं ठणठणीत निघालं, तर ते कसल्या जोरावर, हा प्रश्न पडायला नको? १९७४ साली माझ्या प्रॅक्टिसला बारा वर्षं झाली होती. नुसत्या आकड्यावर भाळायचे दिवस सरले होते.

वार मी काढली होती, रक्तस्राव थांबला होता, सलाईन चालू होतं. पण नाडी एकशे बत्तीस, खालचं बीपी नव्वद, म्हणजे वरच्या-खालच्या आकड्यांत जेमतेम वीसचं अंतर, आणि पाय गारठलेले. मी विश्वनाथना म्हटलं, हे अ‍ॅड्रेनलिननं उसनं आणलेलं बीपी आहे. रक्त कमी पडलं की शरीर ते भराभर सोडतं. हृदय पळतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि उरलंसुरलं रक्त मेंदूकडे, हृदयाकडे जातं. हे फार वेळ टिकणार नाही. तिला रक्त हवं, आणि आत्ता हवं.

नवऱ्याचा, देवाजीचा गट जुळेना. सासू बायजाबाईंचा जुळला. पण त्यांचं बीपी निघालं एकशे सहासष्ट. हिचं रक्त कसं घ्यायचं, म्हणून विश्वनाथ अडून बसले. मी म्हटलं, बाई घाबरली आहे. हिच्या अंगातही तेच अ‍ॅड्रेनलिन, पण हिचं रक्त भरपूर आहे, म्हणून आकडा चढला. पाणी पाजा, बसवा. वीस मिनिटांत एकशे चौतीसवर आलं. बाटली भरली आणि शेजारच्या लॅबमध्ये तपासायला गेली.

मी लॅबमध्ये उभी असताना नर्स धावत आली. प्रेमिलाचं बीपी सत्तर.

खोलीत शिरले तर पलंगाखाली निखाऱ्यांनी भरलेली शेगडी. बायजाबाईंनी ती कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून आणली होती, आणि सुनेचे पाय कापडानं शेकत होत्या. बाळंतिणीला शेक द्यायचा, ही त्यांच्या घरची रीत. पायांतल्या आवळलेल्या वाहिन्या शेकानं सैल पडल्या, आणि मेंदू-हृदयाकडचं रक्त तिकडे गेलं. मी संतापले. शेगडी बाहेर काढायला लावली, रक्त डोक्याकडे यावं म्हणून पलंगाच्या पायथ्याखाली विटा सरकवल्या.

विश्वनाथांनी अ‍ॅड्रेनलिनची सुई भरली होती. मी त्यांचा हात धरला.

"नाही. तिच्या शरीरानं ते आधीच भरभरून ओतलंय. आणखी दिलं तर हृदयाची घाई वाढेल, रक्त नाही वाढणार. बाटली आणा."

बाटली आली. मी स्वतः लावली, आणि अर्ध्या तासात ब्लड बँकेतून दुसरीही आली. बीपी नव्वद, मग एकशे चार. पण मी बघत होते नाडीकडे. ती एकशे दहावर उतरली, मग शहाण्णववर, आणि पायांची बोटं कोमट झाली. प्रेमिलानं डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा मला रडू आलं, हे लपवत नाही. पण ती वाचणार, याची मला बाटली लागली तेव्हाच खात्री होती.

बाहेर बाकावर बायजाबाई बसल्या होत्या. शेकानं काय होतं, ते मी रागाच्या भरात सगळं ऐकवलं. त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या, "माझी लेक पुष्पलता बाळंतपणात अशीच रक्त जाऊन थंडी पडली होती, बाई. तिले मी रातभर शेकून राहिली होती. मंग मीच मारलं काय तिले?"

माझा राग जागच्या जागी विरला. मी त्यांच्याजवळ बसले.

"रक्त गेल्यानं गेली ती. तिथं ते द्यायला कोणी नव्हतं. आज प्रेमिलाला तुम्ही दिलंत."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग विचारलं, गावातल्या बायांयले काय सांगू?

मी म्हटलं, "सांगा, बाळंतीण गार पडली तर शेकत बसू नका. जीप काढा."