लाल उशी आणि विमानरावांचे पॉइंट

विमानराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते ठेवलं बायकोनं, चिडून, आणि मग शेजारीपाजारी, वर्कशॉपात सगळ्यांनी उचललं. गृहस्थांचं काम हॉस्पिटलांत एक्स-रेची मशीनं बसवायची आणि बिघडली की दुरुस्त करायची. त्यापायी वर्षानुवर्षं त्यांचा एक पाय विमानात. तिकीट कंपनी काढायची, पुढं फुकट तिकीट मिळवून देणारे विमान कंपनीचे पॉइंट यांच्या खात्यात पडायचे आणि यांना त्याचं वेडच लागलं. सरळ जाणारं विमान सोडून हे दोन ठिकाणी विमान बदलत, अर्धा दिवस बाकांवर झोपा काढत जायचे. का? तर थोडे पॉइंट जास्त!

"अहो, लोक लवकर घरी यायला बघतात," बायको म्हणायची. "तुम्हाला उशिरा येण्याचं बक्षीस मिळतं!"

बरं, जमवले तर खर्च करावेत ना? ते नाव नको. "हे पॉइंट आईचे," असं त्यांनी घरात जाहीर करून टाकलं होतं. आईची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, समुद्रापलीकडे मुलाकडे राहायची. दोघी बहिणी रोज फोनवर तास तास बोलायच्या, पण भेटून किती काळ लोटला ते दोघींनी मोजणंच सोडलं होतं. आईची कंबर अशी, की थोडा वेळ खुर्चीत बसली तरी उठवायला दोघं लागायचे. तिला एवढ्या लांब न्यायचं, तर आडवं होता येईल अशाच सीटवर. त्या सीटचं तिकीट रोख काढणं यांच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून पॉइंटांवर भिस्त. "अजून थोडे जमू देत," हे पालुपद मग सुरूच राहिलं. पुढं गुडघा कुरकुरायला लागला, कंपनीनं त्यांना फिरतीवरून काढून वर्कशॉपात बसवलं आणि पॉइंट जमायचे कायमचे थांबले. तरी गडी म्हणतो, थांबा, बघू! आता काय आभाळातून पडणार होते का? पण चिकट माणसाला हे सांगायचं कुणी?

अशात बायकोनं एक उद्योग केला. आईची मान दुखत होती. विमान कंपनीचं एक ऑनलाइन दुकान असतं, पॉइंटांवर वस्तू देणारं. बायकोनं यांच्या फोनवरून तिथून मानेभोवती अडकवायची उशी मागवली. लालभडक. ती घरी आली आणि विमानरावांनी घर डोक्यावर घेतलं.

"विमानाचे पॉइंट उशीवर उधळलेस? कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही उशी? आणि रंग तरी काय तो! पलीकडच्या रस्त्यावरून दिसेल!"

"दुसरा रंग नव्हता," बायको म्हणाली. "आणि मान आईंची दुखतेय, तुमच्या पॉइंटांची नाही."

आईनं उशी उचलून आत नेली. त्यानंतर ती कुणाच्या नजरेला पडली नाही.

काही महिने गेले आणि एका संध्याकाळी मावशीचा फोन आला. नेहमीसारखा नव्हता तो. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकलं.

"ताई, आता तोंडं नाही गं दिसत मला नीट. सगळं धुरकट. भडक रंग तेवढे कळतात. डॉक्टर म्हणतात, हळूहळू तेही जाईल. थोडं दिसतंय तोवर ये गं."

आईनं नुसतं मुलाकडं बघितलं. विमानरावांनी फोन हातात घेतला आणि छातीठोकपणे सांगितलं, "मावशी, या महिन्यातच पाठवतो आईला. माझा शब्द!"

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात डबा उघडताना त्यांनी हे कौतुकानं स्टोअरकीपरला सांगितलं. तोही एके काळचा फिरतीवरचाच. त्याचा घास हातातच राहिला.

"पॉइंट आहेत ना पण जागेवर? नियम बदलले की विमान कंपनीनं. वर्षभर खात्यात काही हालचाल नसेल, तर सगळे रद्द. माझे गेले. काल बघितलं तर भोपळा!"

विमानरावांच्या तोंडचं पाणी पळालं. फिरती सुटून वर्षाच्या वर झालं होतं. विमान कंपनीच्या मेल यायच्या, नाही असं नाही. पण आपलं उडणं बंद झालं या रागापायी हे पठ्ठे त्या न उघडताच पुसून टाकायचे! फोनवर खातं उघडायला गेले, तर त्यानं नव्यानं पासवर्ड मागितला आणि तो काही आठवेना. चार-दोनदा चुकला आणि खात्याला कुलूप लागलं. मग कुणी ऐकू नये म्हणून ते मशीन तपासायच्या खोलीत शिरले आणि विमान कंपनीला फोन लावायला लागले. एक्स-रे बाहेर पडू नयेत म्हणून शिशाच्या पत्र्यानं मढवलेल्या भिंती, तिथं फोनला रेंज मिळते होय? मढवल्या होत्या यांनीच, पण जीव टांगणीला लागला की माणसाचं डोकं चालत नाही. शेवटी मागच्या जिन्यात जाऊन उभे राहिले. फोनमध्ये बासरी वाजत राहिली, आणि यांच्या डोळ्यांपुढून आईचं कालचं बघणं काही हलेना.

एकदाची एक मुलगी बोलली. "सर, तुमचा शेवटचा प्रवास झाल्याला..."

"माहीत आहे हो! पॉइंट गेले का तेवढं सांगा."

"एक मिनिट... नाही सर. आहेत."

"आहेत?"

"हो. मध्यंतरी तुम्ही आमच्या दुकानातून एक वस्तू घेतलीत. पॉइंट वापरले की तीही हालचाल धरतात. त्यामुळे खातं चालू राहिलं."

"कसली वस्तू?" त्यांनी विचारलं, पण विचारता विचारताच त्यांना कळून चुकलं.

"मानेची उशी, सर. लाल रंगाची."

विमानराव मटकन पायरीवर बसले. जीव भांड्यात पडला तो असा, की हसावं की रडावं ते त्यांना उमगेना. मुलगी पुढं सांगत होती, की येत्या महिन्यापासून त्या सीटला दीडपट पॉइंट लागतील, पण सध्या सवलत आहे आणि सोबतच्या माणसाला निम्म्यातच जाता येईल. सवलत उद्यापर्यंत.

"उद्या कशाला? आत्ताच काढा! फोन ठेवू नका, बाई, तुमच्या पाया पडतो."

"सोबत कोण जाणार, सर?"

स्वतःचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी बायकोचं नाव सांगितलं.

घरी आले ते धापा टाकतच. "ती उशी कुठाय?"

"परत उशी?" बायको इस्त्री आपटत म्हणाली. "जन्मभर तेच उगाळणार आहात का?"

आई आतून हळूच म्हणाली, "कपाटात आहे रे. प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाही मी. परत घेत असतील तर पाठवता येईल, म्हणून जपून ठेवलीय."

हे मात्र विमानरावांच्या जिव्हारी लागलं. इतके महिने म्हातारी दुखरी मान घेऊन वावरत होती, आणि उशी कपाटात! त्यांनी उशी काढली, प्लॅस्टिक टराटरा फाडलं आणि स्वतःच्या हातानं आईच्या मानेला अडकवली.

"आई, चुकलो मी," ते म्हणाले आणि मग सगळं सांगून टाकलं.

बायकोनं कमरेवर हात ठेवले. "म्हणजे मी उधळले म्हणून वाचले?"

"हो."

"नीट ऐकू नाही आलं."

"हो गं बाई, हो! आता बॅग भर, आईबरोबर तू जातेयस."

"मी? आणि तुम्ही?"

"मी इस्त्री करतो."

बायकोनं आधी इस्त्री बंद केली, मग डोळ्यांना पदर लावला. आई मात्र केव्हाच फोनवर होती. पलीकडं मावशी एकाच वेळी हसत होती आणि रडत होती.

"पण ताई, विमानतळावर एवढी माणसं असणार. तुला ओळखू कशी गं मी?"

आईनं मानेवरच्या उशीवरून हात फिरवला.

"लाल दिसतं ना तुला अजून?"

"लाल दिसतं."

"मग झालं तर! गळ्यात लाल असेल ती मी. सरळ येऊन मिठी मार."