वाफेच्या माथी मारलेली भोवळ

दर गुरुवारी आम्ही बायका चर्चच्या तळघरात बटाट्याच्या पेरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, वळतो. त्या गुरुवारी उकळत्या पातेल्यापाशी उभी असलेली लोर्ना ह्रिचुक धाडकन कोसळली. मिनिटभरात शुद्धीवर आली, आणि आम्ही सगळ्याच डॉक्टर झालो! कुणी म्हणालं वाफ लागली, कुणी म्हणालं उपास बाधला. लोर्नाने वाफेचंच कारण उचलून धरलं.

खरं काय ते तिला एकटीलाच ठाऊक होतं. ती शाळेची बस चालवते; आठवड्यापूर्वी त्या बसमध्ये ती स्टिअरिंगवर अशीच पडली होती. बस रिकामी होती, अजून जागेवरच उभी होती, म्हणून निभावलं. पण हे सांगितलं तर लायसन्स जाणार. कॅनडात, मॅनिटोबातल्या आमच्या खेड्यात गाडी गेली की माणूस घरात कोंडला जातो.

आमच्यातल्या व्हर्नामावशींची नर्स म्हणून उभी हयात गेलेली. त्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, पडण्याआधी मळमळलं का, घाम फुटला का, अंधारी आली का. लोर्ना नाही-नाहीच म्हणत राहिली. मावशींचा चेहरा उतरला.

"अगं, वाफेची चक्कर बहुधा आधी वर्दी देते. न सांगता येते ना, तिची मला धास्ती वाटते. याआधी झालंय?"

"नाही."

"बरं. उद्या सकाळी तुझ्या बसमध्ये पोरं किती?"

"एकोणतीस," लोर्ना म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं. मग तिने सगळं सांगून टाकलं.

दवाखान्यात चिरफाड नाही, काही नाही. आडवं आणि उभं करून रक्तदाब घेतला, तारा चिकटवून हृदयाचा आलेख काढला. त्यात थोडी गडबड दिसली. डॉक्टरांनी तिचं बस चालवणं बंद केलं आणि छातीवर दोन आठवड्यांसाठी ठोके टिपणारी पट्टी लावली.

पट्टीने चोर पकडला. एका सोमवारी लोर्नाचं हृदय सात सेकंद थांबलं होतं. ती घरी खुर्चीत बसली होती, डुलकी लागली असं तिला वाटलं. वेळ होती सकाळची आठ वाजून दहा मिनिटं. त्या वेळी बस पोरांनी भरून महामार्गावर असते!

लोर्नाला पेसमेकर बसला. पण ती वेळ ऐकल्यापासून आम्ही कुणाच्या भोवळीचं कारण आपल्या मनाने सांगत नाही. मंडळी, शुद्ध हरपणं ही लपवायची गोष्ट नाही. आपण अंदाज बांधू नये, तपासून घ्यावं. लायसन्स गेलं तरी पुन्हा मिळतं, जीव नाही.