बालविभागातला बत्तीस वर्षांचा पेशंट

जबाबदारी अंगावर पडली की माणूस मोठा होतो, हे सनातन सत्य आहे. फक्त इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या त्या इस्पितळाला ते कुणी कळवलं नव्हतं. बाकीझिओ पिराज बत्तीस वर्षांचा होता, नगरपालिकेत जमीनमोजणीचा साहेब होता, मिशी भरघोस होती. आणि दर दुसऱ्या मंगळवारी तो बालविभागात, भिंतीवरच्या बदकांखाली, आखूड कॉटवर गुडघे मुडपून रक्त चढवून घ्यायचा. शेजारच्या कॉटवर एक वकील असायचा.

दोष कुणाचाच नव्हता. थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराची ही पोरं बेटावर गल्लोगल्ली होती. ती जन्मली तेव्हा दहा-बारा वर्षांपलीकडे काढतील असं डॉक्टरांना वाटलं नव्हतं, म्हणून त्यांच्या मोठेपणाची सोयच कुणी केली नाही. पोरांनी ऐकलं नाही.

बालविभागात पेशंटसोबत पालक लागतोच. त्यामुळे त्याची आई बोनारिया, वय एकाहत्तर, दुखरा गुडघा घेऊन दर खेपेला पहाटेच्या बसने सोबत यायची.

"नाश्ता केला का त्याने?" नर्स आईला विचारायची.

"केला. पण नीट नाही."

बाकीझिओ छताकडे बघायचा.

मग इस्पितळाने मोठ्यांसाठी वेगळा विभाग उघडला. तिथे पालकाची गरज नव्हती. बाकीझिओने ही बातमी महिनाभर दाबून ठेवली. मंगळवार काढून घेतला तर आईजवळ उरेल काय, हा प्रश्न त्याला सुटेना. शेवटी एका रविवारी जेवताना त्याने सांगून टाकलं.

"बरं," आई म्हणाली, आणि ताटं आदळत घासायला बसली.

आठवडाभर गल्लीतल्या बायका मुलीची पाठवणी असावी तशा येऊन बसल्या.

"पोटचा गोळा असा परक्यांच्या हाती द्यायचा?" शेजारीण रिमेदिया म्हणाली. "तिथल्या नर्सला त्याच्या शिरा ठाऊक आहेत का?"

"मावशी, मी बत्तीस वर्षांचा आहे."

"तेच म्हणतेय मी. इतक्या लहान वयात!"

मंगळवारी आई दारापर्यंत आली. "स्वेटर घेतलास?" एवढंच म्हणाली. बस वळणाआड जाईपर्यंत ती उभी असलेली त्याला दिसली, आणि पुढचा सगळा रस्ता त्याला स्वतःची लाज वाटत राहिली.

नव्या विभागात भिंती कोऱ्या होत्या.

"कुठला हात?" नर्सने विचारलं.

बाकीझिओने सवयीने उजवीकडे पाहिलं. तिथे रिकामी खुर्ची होती. हा प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नव्हता.

"डावा," तो जरा मोठ्यानेच म्हणाला. "उजवीकडची शीर निसटते."

सुई पहिल्या फटक्यात गेली.

"सोबत कोण आहे?"

"कुणी नाही."

"बरं," म्हणून ती पुढच्या कॉटकडे गेली. कुणी गाल ओढला नाही, कुणी डोळे पुसले नाहीत. पाय लांब सोडून बाकीझिओने अख्खं वर्तमानपत्र वाचलं, शेअर बाजारासकट. छातीवरून कुणी पोतं उतरवावं तसं त्याला वाटत होतं. आईला काय सांगायचं, कसं समजवायचं, ते मात्र त्याने बसमध्ये तीनदा घोकलं.

दुपारी गल्लीत शिरताच रिमेदियाने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू! झोपलीय. म्हणाली, एवढ्या वर्षांत मंगळवारी दुपारी पाठ टेकायला मिळाली नाही, कुणी उठवू नका."

"रडली का?"

"कशाला? दोनदा वाढून घेतलं तिने."

आई साडेपाचला उठली.